६६ च्या मस्टँगला मागचा एक्सल भंगारातला घ्यायचाय: ८.८ की ९ इंची?

पाना_दहाबारा

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय. थंडी पडायच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजबाहेर काढीन, असं घरी कबूल करून बसलोय.

गाडी १९६६ ची मस्टँग कूपे. मुक्काम सिनसिनाटी. घेतली तेव्हा सहा सिलिंडरचं मूळ इंजिन होतं, ते काढलं. आता १९९० च्या मस्टँगमधलं ५ लिटरचं व्ही८ आणि त्याच गाडीचा पाच गिअरचा टी-५ बसलाय. पुढे पाच बोल्टचे हब आणि डिस्क ब्रेकही झाले. मागे मात्र अजून तोच सहा सिलिंडरवाला सव्वासात इंची एक्सल, चार बोल्टचा. २२५ हॉर्सपॉवरच्या इंजिनामागे तो ठेवणं म्हणजे शेळी नांगराला जुंपणं. (सव्वासात इंच हा आतल्या क्राऊनचा, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राचा व्यास, गाडीच्या चाकाचा नव्हे. मागच्या वेळी अर्धा दिवस त्यातच गेला होता.)

नवा तयार एक्सल परवडत नाही. घरच्या अर्थमंत्र्यांनी सहाशे डॉलर मंजूर केलेत, म्हणजे भंगारवाड्याशिवाय गत्यंतर नाही. डोक्यात फोर्डचेच तीन पर्याय आहेत: एक्सप्लोररचा ८.८ इंची, जुना ९ इंची, किंवा मॅव्हरिकचा ८ इंची. गाडी शनिवार-रविवार चालणार, बहुतेक हायवेला. वर्षातून एक-दोनदा ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर) हौस भागवायची. काय घेऊ?

व्ही८_टेक्सास

९ इंची. विषय संपला.

भाजणी

गाड्यांतलं काही कळत नाही, पण वाचतेय. एक्सल म्हणजे बैलगाडीचा आख तोच ना? त्याला एवढा दात-बित, व्यास कशाला लागतो?

हायपॉइड

भाजणीताई, प्रश्न चांगला आहे. बैलगाडीचा आख जागेवर असतो, चाकं त्याभोवती फिरतात. इथे उलट. इंजिनाकडून लांबीच्या दिशेने आलेली फिरकी काटकोनात वळवून दोन्ही चाकांना द्यायची असते. ते काम क्राऊन आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी पिनियनचं. शिवाय वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. खळ्यावर मळणी पाहिली असेल तर मेढीजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलतो आणि कडेच्या बैलाला पळावं लागतं. दोघांना एका दांडीला घट्ट बांधलं तर एकजण फरफटणार. ते होऊ नये म्हणून मधे डिफरेन्शियल.

आता पाना, तुझ्याकडे वळतो. (मी डेट्रॉइटकडे तीसेक वर्षं गिअरच्याच धंद्यात होतो, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घे.)

टेक्सासकरांचं म्हणणं चूक नाही. ९ इंची फोर्डने १९५७ पासून वापरला तो पार ऐंशीच्या दशकापर्यंत, आणि मजबुतीला तोड नाही. त्याच्या पिनियनला पुढे दोन बेअरिंग असतातच, शिवाय पिनियनच्या टोकाला पलीकडून तिसरं. त्यामुळे जोर आला की पिनियन क्राऊनपासून लांब ढकलला जात नाही. वर क्राऊन-पिनियनचा सगळा गोळा पुढून अख्खा बाहेर येतो, टेबलावर ठेवून सेट करा आणि परत लावा. पण या मजबुतीची किंमत आहे. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या बराच खाली बसतो, सव्वादोन इंचांच्या आसपास. ८.८ मध्ये तेच अंतर दीड इंचाच्या घरात. पिनियन जितका खाली, तितके दात एकमेकांवर घासत सरकतात आणि तितकी ताकद तेल तापवण्यात जाते. २२५ हॉर्सपॉवरच्या, पंधरा इंची चाकांच्या हलक्या गाडीला हा कर भरायचं कारण मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. तुझ्या गाडीला मूळ एक्सल चाक बसतं त्या पृष्ठभागापासून त्या पृष्ठभागापर्यंत सव्वासत्तावन्न इंच. भंगारात मिळणारे बहुतेक ९ इंची पिकअपचे आणि मोठ्या गाड्यांचे, म्हणजे याहून बरेच रुंद. सत्तरच्या दशकाअखेरच्या लिंकन व्हर्सायला मागे डिस्क ब्रेकसकट साडेअठ्ठावन्न इंची होता, पण ते मस्टँगवाल्यांनी भंगारवाड्यांतून केव्हाच वेचून नेले. आता तसा कुणी विकायला काढला तर तो त्याची किंमत जाणून असतो.

आधी माप घे, मग नाव.

व्ही८_टेक्सास

काका, कर-बिर ठीक. पण ८.८ ला सी-क्लिप असते. शाफ्ट मोडला की चाक बाहेर. ९ इंचीत चाकाकडचं बेअरिंग रिटेनर प्लेटने हाऊसिंगलाच आवळलेलं असतं.

हायपॉइड

बरोबर. ८.८ चा शाफ्ट आतल्या टोकाला घोड्याच्या नालेसारख्या एका क्लिपने अडकवलेला असतो, बाहेरून त्याला धरणारं काही नाही. ड्रॅग रेसिंगला मोठे टायर लावून रोज लाँच करणार असेल तर मीही नको म्हणेन. पण १९९५ नंतरच्या एक्सप्लोररला मागे डिस्क असते, आणि कॅलिपर त्या डिस्कला धरून राहतो. ड्रमवाल्यासारखं चाक थेट शेतात जात नाही. शाफ्टही बारीक नाहीत, ३१ स्प्लाइनचे (टोकाला तेवढे उभे दात) आहेत.

मॅव्हरिक_मीनल

तिसऱ्या पर्यायाचं मी सांगते, माझ्याकडे १९७२ ची मॅव्हरिक आहे म्हणून. हिचा ८ इंची साडेछप्पन्न इंच रुंद, पाच बोल्टचा, तुझ्या गाडीत जवळजवळ सरळ जाईल. कापाकापी नाही. ९ इंचीसारखाच गोळा पुढून निघतो. दिसायलाही सारखे, इतके की लोक ८ ला ९ म्हणून विकतात. ओळख सोपी आहे: गोळ्याभोवतीच्या नटांना सॉकेट लावून बघ. सगळ्या नटांवर सरळ बसला तर ८. खालच्या दोन नटांवर गोळ्याचं पोट आडवं आलं आणि तिरका पाना घालावा लागला तर ९.

पण (१) ड्रम ब्रेक, (२) शाफ्ट २८ स्प्लाइनचे, (३) बहुतेकांत रेशो (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे) हायवेच्या पेट्रोल बचतीचा, तीनच्या आतबाहेर. माझ्या साध्या ३०२ इंजिनाला पुरतो. तू स्ट्रिपवर जाणार म्हणतोस, मग मी तरी घेणार नाही.

पाना_दहाबारा

काका, मीनलताई, धन्यवाद. म्हणजे ८.८ कडे काटा झुकतोय. रेशो कोणता बघू? लोक ३.७३ म्हणतात, ४.१० म्हणतात.

हायपॉइड

लोक म्हणतात ते सोड, गुणाकार कर. ताशी मैल गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास. हे आले टॉप गिअरमधले, म्हणजे सरळ एकास एक असतानाचे इंजिनाचे फेरे. टायर कोणता?

पाना_दहाबारा

२०५/६०, पंधरा इंची.

हायपॉइड

म्हणजे व्यास सुमारे २४.७ इंच. ६५ मैलांना ३.७३ धरला तर चौथ्यात ३,३०० च्या जवळ. जुन्या चार गिअरच्या गाडीत कान किटले असते. पण तुझ्या टी-५ चा पाचवा ०.६८ चा आहे, म्हणजे २,२४० च्या आसपास. इंजिन मजेत. पहिला गिअर ३.३५, त्याला ३.७३ ने गुणलं की साडेबारा, सिग्नलवरून उठायला भरपूर. ४.१० घेतलास तर पहिला गिअर सुरू होतो ना होतो तोच संपेल. दर चौकात दोनदा हात हलवायचा असेल तर घे बापडा.

माझं मत: ३.७३, लिमिटेड स्लिपसकट (म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफरेन्शियल). ३.५५ मिळाला तरी सोडू नकोस. ३.२७ ला पाचवा गिअर हायवेवर अगदीच झोपाळू होईल.

आता वाड्यात गेल्यावर काय बघायचं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पट्टी असते, तिच्यावर एक्सलचा कोड. डी४ म्हणजे ३.७३ लिमिटेड स्लिप. एक्सलच्या मागच्या कव्हरच्या एका बोल्टाला पत्र्याचा छोटा टॅगही असतो. ३एल७३ लिहिलं असेल तर लिमिटेड स्लिप, मधे एल नसेल तर साधा. पण या दोन्हींवर विश्वास ठेवू नकोस, चाक फिरवून मोज. एक चाक फिरवलं की दुसरं त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप, उलट फिरलं तर साधा किंवा आतल्या प्लेटा झिजलेला. पिनियनच्या फ्लँजवर खडूने खूण कर. दोन्ही चाकं मिळून एक फेरा होताना फ्लँज पावणेचारला जरा कमी फिरली पाहिजे.

गाडी १९९५ ते २००१ मधलीच घे. त्याच्या आधी मागे ड्रम.

टर्नर_इचलकरंजी

काका म्हणत्यात ते एकदम बराबर. टॅग म्हंजे लग्नातली पत्रिका. आत काय हाय ते लगीन झाल्यावरच कळतंय. आमच्याकडं जुन्या जीपचं मागचं हाऊसिंग रोजचं येतंय लेथवर. जुन्या विलीसला त्रेचाळीस दाताचा क्राऊन आन आठ दाताचा पिनियन, भागलं की ५.३८. लोक 'पाच-अडतीस हाय' म्हणून घेऊन येत्यात, उघडलं की आत भलतंच. कव्हर खोलायचं, दात मोजायचं, मगच पैसं.

आन अजून एक. विलीसचा गोळा दोन चाकाच्या मधोमध नसतोय, एका अंगाला असतोय, कारण ट्रान्सफर केसमधनं शाफ्टच तसा बाहेर येतोय. तुझ्या त्या एक्सप्लोररचं काय हाय ते बघ भावा. न्हाईतर शाफ्ट जाऊन बोगद्याच्या पत्र्याला घासायचा.

हायपॉइड

टर्नरसाहेब, नेमकं बोट ठेवलंत. एक्सप्लोररचा गोळाही मधोमध नसतो, उजवीकडे सुमारे दोन इंच सरकलेला. म्हणून डावी नळी लांब, उजवी आखूड. आणि मजा त्यातच आहे, पाना. पूर्ण एक्सल साडेएकोणसाठ इंच, तुला हवा सव्वासत्तावन्नच्या आत. लांब नळीतून तीनेक इंचांचा तुकडा काढला आणि त्या बाजूलाही उजवीकडचाच आखूड शाफ्ट घातला, की रुंदीही बसते आणि गोळाही जवळजवळ मध्यावर येतो. नवे शाफ्ट कापून स्प्लाइन पाडायचा खर्चच नाही. फक्त दुसऱ्या एक्सप्लोररचा उजवा शाफ्ट शोधायचा, तोही १९९५ नंतरच्या डिस्कवाल्याचाच.

किती कापायचं ते इंटरनेटवर बघू नकोस. लांब आणि आखूड शाफ्ट जमिनीवर शेजारी-शेजारी ठेव आणि फरक मोज. तेवढंच कापायचं.

अवांतर: पूर्वी हे एक्सप्लोरर गल्लोगल्ली पडलेले असत. २००९ मध्ये सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढायला पैसे दिले, तेव्हा त्यात सर्वांत जास्त आलेल्यांत एक्सप्लोरर वरच होती. इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची जाम करत. एक्सल वेगळा काढून विकायला मात्र परवानगी होती. तरी कित्येक तसेच चिरडले गेले असणार.

पाना_दहाबारा

(दहा दिवसांनी)

सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

शनिवारी घरापासून चाळीस मैलांवरच्या वाड्यात गेलो. १९९८ ची एक्सप्लोरर. दाराची पट्टी सोललेली, पण टॅग समोर, ब्रश मारला तर स्वच्छ: ३एल७३. पाऊस सुरू झालेला, वाडा चारला बंद, आणि माझ्या आधी एक माणूस त्याच रांगेत हातात पाना घेऊन फिरत होता. काकांनी सांगितलेलं 'फिरवून मोज' मी सोयीस्कर विसरलो. यू-बोल्ट कापले, ओढत नेला, दीडशे डॉलर मोजले.

घरी येऊन कव्हर उघडलं. आत साधा डिफरेन्शियल. लिमिटेड स्लिपच्या प्लेटा आणि मधली ती एस आकाराची स्प्रिंग काहीच नाही. क्राऊनच्या कडेला आकडे ठोकलेत: ३६ आणि ११. भागलं तर ३.२७. टॅग कव्हरच्या बोल्टाला असतो, आणि कव्हर केव्हातरी कुणीतरी दुसऱ्या गाडीचं लावलेलं. सीलंटचा रंगसुद्धा वेगळा होता, निळा. तो तरी दिसायला हवा होता.

वर ओहायोच्या मिठाच्या रस्त्यांनी नळीला खाल्लेलं. पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकीजवळ पोलादी ब्रश फिरवला तर खवले निघाले.

घरी विचारलं गेलं, "बसला का एक्सल?" मी म्हटलं, "जमिनीवर बसलाय."

मॅव्हरिक_मीनल

😂 निळं सीलंट लक्षात राहील. पण फेकू नकोस रे तो.

टर्नर_इचलकरंजी

लगीन झालं म्हणायचं! आता त्याचा उजवा शाफ्ट काढ आन बघ.

हायपॉइड

हो, फेकू नकोस. तुला दुसरा आखूड शाफ्ट लागणारच होता, तो आला. त्याला फक्त एक परीक्षा. या एक्सलमध्ये चाकाकडचं रोलर बेअरिंग थेट शाफ्टवरच चालतं, मधे आतली रिंग नाही. म्हणजे बेअरिंगने शाफ्टच झिजवलेला असू शकतो. शाफ्ट पुसून घे आणि बेअरिंग चालतं त्या चकचकीत पट्ट्यावरून नख आडवं फिरव. नख अडलं तर शाफ्ट गेला. नुसता चमकदार पट्टा दिसतोय पण नखाला लागत नाही, तर चालेल.

पाना_दहाबारा

नख अडलं नाही! काल रात्री अकरा वाजता गॅरेजमध्ये एका दांड्यावर नख फिरवत बसलो होतो. शेजारच्या कुत्र्यालाही शंका आली.

म्हणजे दीडशेतले निम्मे वसूल. आता पुढच्या आठवड्यात टेनेसीत, नॉक्सव्हिलच्या बाजूला मित्राकडे जाणार आहे. तिकडे रस्त्यावर मीठ कमी, तिथला वाडा बघतो.

व्ही८_टेक्सास

मी म्हटलं होतं ९ इंची घे. 🙂

पाना_दहाबारा

दुसरा भेटला. २००० ची एक्सप्लोरर. या वेळी पूर्ण कर्मकांड केलं. दाराच्या पट्टीवर डी४. एक डिस्क फिरवली, दुसरी त्याच दिशेने आणि चांगली जड फिरली. खडू लावून मोजलं: एका फेऱ्याला पावणेचारला जरासं कमी. मग मागचे बोल्ट काढून कव्हर पहारीने हलकेच उचकटलं. वाडेवाला काही बोलला नाही, त्याला रोजचंच. तेल काळपट पण पातळ, करपल्याचा वास नाही. लोहचुंबक फिरवलं तर मऊ राखाडी चिखल आला, कण नाहीत. क्राऊनवर ४१ आणि ११. दाताच्या पाठीवर घासल्याच्या रेघा नाहीत. नळ्यांवरचा फॅक्टरीचा काळा रंग अजून जागेवर. क्राऊन हाताने मागे-पुढे हलवला तर अगदी किंचित टक्-टक्. तिथे डायल गेज नव्हतं. घरी लावलं, दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग). चालेल ना काका?

हायपॉइड

आठ ते पंधरा थाऊ म्हणजे मापात. चारी बाजूंना फिरवून परत घे, चारही ठिकाणी साधारण तेवढाच आला तर त्या क्राऊन-पिनियनला हात लावू नकोस. चालता जोड कारण नसताना उघडू नये. पिनियनचा सील गळत असेल तरच, आणि तेव्हाही नट काढण्याआधी नट, शाफ्ट आणि फ्लँज तिन्हींवर एक सरळ खूण मार. आत चिरडली जाणारी स्लीव्ह असते, नट जास्त आवळला की बेअरिंगवरचा ताण बिघडतो.

शाफ्टचा फरक किती भरला?

पाना_दहाबारा

दोन पूर्णांक सात अष्टमांश इंच.

टर्नर_इचलकरंजी

म्हंजे तीनला एक सूत कमी. साडेएकोणसाठातनं ते गेलं की ५६ इंच पाच सूत. तुझ्या मूळच्यापेक्षा दोन्हीकडं अडीच-अडीच सूत आत. टायरला बरंच झालं, आतनं घासतंय का तेवढं बघ.

आता कापायचं ध्यानात घे. कापायच्या आधी नळीवर लांबीच्या दिशेनं अँगल ठेवून एक सरळ रेघ मार, कापणार त्याच्या अल्याडपल्याड जाईल अशी, आन ती पंचनं खुणव. खडू पुसतोय. कापून जोडताना ती रेघ जुळली पायजे, न्हाईतर एका बाजूचा कॅलिपर वर आन दुसऱ्याचा खाली. मग मधल्या बेअरिंगच्या जागेतनं चाकाकडच्या टोकापर्यंत सरळ बार घाल, दोन्ही टोकाला बुश. बार हातानं फिरला पायजे. फिरला की चार ठिकाणी टाचणी (वेल्डचा टिपका), परत बार फिरवून बघ.

वेल्डिंग इंचभर एका अंगाला, मग बराबर समोर इंचभर. मधे हात लावण्याइतकं गार होऊ दे. मी एकदा घाईत सगळा वेढा एका दमात मारला, गिऱ्हाईक दारात उभा होता. हाऊसिंग असं वाकलं की जीपचा मागचा टायर महिन्यात आतल्या कडंनं गुळगुळीत झाला. परत कापून फुकट करून दिलं. तवापास्नं गिऱ्हाइकाला चहाला पाठवतो.

हायपॉइड

टर्नरसाहेबांनी सांगितलं त्यात एकच भर. ८.८ मध्ये नळ्या मधल्या बिडाच्या गोळ्यात दाबून बसवलेल्या असतात, फक्त थोड्या ठिकाणी भोकातून वेल्डचे ठिपके. जोर आला की नळी गोळ्यात फिरू शकते. एवढं उघडलंच आहेस तर नळी गोळ्याला सभोवार वेल्ड करून घे. पण ते बीड आहे. आधी तापवायचं, निकेलचा रॉड वापरायचा, आणि हळूहळू गार होऊ द्यायचं. जमत नसेल तर तेवढं काम बाहेर दे.

पाट्याच्या बैठका आत्ता पक्क्या करू नकोस. एक्सल गाडीखाली घाल, गाडी चाकांवर उतरव, वजन पडू दे, मग पिनियनचा कोन लाव. पाट्याची गाडी जोर लावताना पिनियनचं नाक वर उचलते, म्हणून उभी असताना ते गिअरबॉक्सच्या रेषेच्या दोनेक अंश खाली झुकलेलं ठेव. तिथे टाचण्या मार, एक्सल परत काढ, आणि मग पूर्ण वेल्ड.

मॅव्हरिक_मीनल

ब्रेकचं कुणी बोललंच नाही. ६६ ला मूळचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. पुढे डिस्क लावल्यास तेव्हा दोन सर्किटचा टाकलास का? टाकला असशील तर मागच्या लाइनला ड्रमसाठीचा अवशिष्ट दाबाचा वॉल्व्ह आहे का बघ. असेल तर काढ, नाहीतर मागच्या डिस्कला पॅड कायम चिकटून राहतील. आणि मागच्या लाइनला हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग वॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) टाक. हलकी शेपूट, मोठ्या एक्सप्लोररच्या डिस्क. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी स्वतःभोवती फिरेल.

हँडब्रेकची केबल मात्र तुझी तुलाच जुळवावी लागेल. एक्सप्लोररला डिस्कच्या पोटात छोटे शू असतात. चांगले आहेत, फेकू नकोस.

निशिगंध_पुणे

हे सगळं वाचून हात शिवशिवतायत. माझ्या जुन्या जीपला असंच दुसऱ्या गाडीचं मागचं, डिस्कवालं, घालू का?

हायपॉइड

भारतात आहात, तेव्हा आधी कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल चालणार नाही. मूळच्यासारखाच एक्सल बदलणं ही दुरुस्ती, वेगळा घालणं हा बदल. आरटीओत विचारल्याशिवाय पाना उचलू नका.

टर्नर_इचलकरंजी

मूळचं हाऊसिंग असलं तर आणा हिकडं, बेअरिंग-सील करून देतो. चहा हाय.

पाना_दहाबारा

(पाच आठवड्यांनी)

बसला. या वेळी गाडीखाली.

कापणं आणि नळीचं वेल्ड गावातल्या एका म्हाताऱ्या मशिनिस्टकडे केलं. त्याला टर्नरभाऊंची रेघ आणि पंचची खूण दाखवली तर तो म्हणाला, हे तुला कुणी शिकवलं? इचलकरंजी उच्चारायला त्याला तीन वेळा लागले. त्यानेही इंचभर इकडे, इंचभर तिकडेच केलं आणि मधल्या वेळात मला कॉफी आणायला पिटाळलं.

बैठका वजनावर टाचून घेतल्या. एक्सप्लोररचा गोल फ्लँज ठेवला, शाफ्ट त्याप्रमाणे नवीन मापाचा करून घेतला. सगळा हिशोब सहाशेला नव्वद डॉलर वर गेला, तो आकडा इथेच राहू दे.

पहिल्या फेरीत सरळ रस्त्यावर मागून हूं की चूं नाही. ६५ ला काट्यावर २,२०० ते २,३०० मधे कुठेतरी, काकांचा गुणाकार तंतोतंत. पण पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेतलं की मागून कुर्रर्र असा आवाज, सीटला जाणवेल इतका. तेल नवीन घातलंय, ७५डब्ल्यू-१४०. सरळ झाली की बंद. गेला का माझा लिमिटेड स्लिप?

हायपॉइड

तेलात फ्रिक्शन मॉडिफायर टाकलास का? वेगळी छोटी बाटली मिळते.

पाना_दहाबारा

...नाही.

हायपॉइड

लिमिटेड स्लिपच्या प्लेटा वळताना एकमेकींवर सरकतात. नुसत्या तेलात त्या सरकण्याऐवजी चिकटतात-सुटतात, तोच तो आवाज. चार औंस टाक. तेल वर येत असेल तर आधी तेवढं काढून घे. मग रिकामं पार्किंग बघून सावकाश इंग्रजी आठचे आकडे काढ, डावीकडे तितके उजवीकडे. दहा-बारा तरी, म्हणजे ते प्लेटांमध्ये भिनेल.

पाना_दहाबारा

टाकलं. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये पंधरा आकडे काढले. सातव्यापर्यंत कुरकुरत होती, अकराव्याला थांबली. शेजारच्या सीटवर अर्थमंत्री होत्या. बाराव्याला म्हणाल्या, आवाज थांबलाय ना, मग आता सरळ घे, मला गरगरतंय.

३.२७ चा उरलेला गोळा, लांब शाफ्ट आणि दोन कॅलिपर गॅरेजच्या कोपऱ्यात आहेत. ओहायोत कुणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा. टॅग देत नाही, तो भिंतीवर लावलाय.